वहिनीला वाचून कोण दाखवणार

३ फेब्रुवारी, मंगळवार

धाकटे,

वर "प्रभूच्या नावात सलाम" लिहिलं असतं तर तू कागद तिथेच मिटून ठेवला असतास, म्हणून नुसतं धाकटे. रागावलीस तरी तू धाकटीच राहणार, त्याला माझा इलाज नाही.

फोन करत नाही, कारण तू उचलत नाहीस. शिवाय घसाही जरा बसलाय.

आमचं ठीक चाललंय. दुकानात एका दवाखान्याच्या खुर्च्या आल्यात, माणसं बसून बसून पार पोटं खपाटीला गेलेल्या. स्प्रिंगा बदलायच्या, काथ्या भरायचा, नवं रेक्झिन ताणून बसवायचं. मूठभर बारीक खिळे तोंडात धरायचे आणि एकेक काढून ठोकायचा, ही माझी जन्माची खोड. तुझी वहिनी म्हणते, "यांच्या तोंडात सकाळी शास्त्र आणि दिवसभर खिळे. माझ्याशी बोलायला ते रिकामं असतं कधी?"

सकाळचं वाचन चालू आहे. तू यायचीस तेव्हा जसं व्हायचं तसंच. चहा झाला की मी बायबल उघडतो, ती कप पुढ्यात घेऊन बसते. काही अडलं, पटलं नाही, की कपावर चमचा वाजवते. चमचा वाजला की मी थांबायचं, मग वाद घालायचा, वाद मिटला की पुढे. पहिल्या उत्पत्तीच्या पुस्तकापासून निघून शेवटच्या प्रकटीकरणाला पोचायचं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा उत्पत्ती. तिची दृष्टी गेल्यापासून एक सकाळ चुकलेली नाही. सध्या इतिहासाचं पहिलं पुस्तक चालू आहे. सुरुवातीचे अध्यायच्या अध्याय नुसती नावं, अमक्याचा मुलगा तमका. मी म्हटलं, "ही गाळू या का? पुढे दावीद राजा ताटकळलाय." चमचा वाजला. "आधी त्यांच्या आयांना विचारून या," म्हणाली, "गाळायची का ते."

मग काय, वाचली सगळी. घसा नुसता खरवडून निघाला.

तुझ्या बसस्थानकावर अजून तूच सूचना देतेस ना? मागे तिकडून आलेलं एक गिऱ्हाईक सांगत होतं, बाईंचा आवाज असा खणखणीत की झोपलेला माणूस दचकून उठतो आणि भलत्याच गाडीत चढतो. मी म्हटलं, ती माझी बहीण. त्याने लगेच भाव कमी करायला सांगितला.

तुला महिनाभराची रजा मिळते का गं? सहज विचारतोय.

तुझा दादा


१२ फेब्रुवारी, गुरुवार

धाकटे,

तुझं उत्तर नाही. येईल अशी आशाही नव्हती, तरी पोस्टमन दिसला की माझे हात ठोकायचे थांबतात.

मागच्या पत्रात मी तुला ताकास तूर लागू दिली नाही. सहज विचारलं नव्हतं. आणि घसा बसलेला नाही. फोनवर तू माझा आवाज ऐकला असतास तर ओळखलंच असतंस, म्हणूनही फोन केला नाही.

आवाजाच्या पडद्यावर गाठ आहे. डॉक्टरीणबाईंनी नाकातून नळी घालून बघितली. मग दुसऱ्या खेपेला गुंगी देऊन तुकडा काढला आणि तपासायला पाठवला. "तंबाखू?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "नाही, खिळे." त्या हसल्या नाहीत.

वाईट निघालं तर काय, असं मीच विचारलं. त्यांनी स्वतःच्या गळ्यावर बोट आडवं फिरवलं. "इथलं सगळं काढावं लागेल. जगाल. पण बोलता येणार नाही." पुढे यंत्र लावून घोगरं काहीबाही बोलता येतं म्हणे, पण सगळ्यांना जमतंच असं नाही आणि माझ्या वयाला तर त्यांनी खात्री दिली नाही.

आता तूच बघ, धाकटे. गावात मुकी माणसं आहेत. ती लिहून दाखवतात, हातवारे करतात, त्यांचं कुठे अडत नाही. पण मी लिहिलं तर तुझी वहिनी वाचणार कशी? हातवारे केले तर बघणार कशी? ती बोलेल आणि मला ऐकू येईल, पण माझ्याकडून तिला काहीच पोचणार नाही. एका घरात दोन माणसं आणि मधलं दार एकाच बाजूने उघडणारं. मी खोलीत आहे की नाही हेही तिला विचारावं लागेल, आणि विचारलं तरी उत्तर मिळणार नाही.

आणि सकाळी तिला वाचून कोण दाखवणार?

तिला मी काही सांगितलेलं नाही. सर्दी झाली म्हणतो. देवाला सांगितलंय. तोही डॉक्टरीणबाईंसारखाच, हसत नाही.

तुकड्याचा निकाल येईपर्यंत मी रोजच्यापेक्षा जास्त वाचतोय. आवाज आहे तोवर निदान या खेपेचं प्रकटीकरण गाठावं असं डोक्यात बसलंय. एज्राचं पुस्तक तर मी असं पळवलं की वहिनी म्हणाली, "अहो, मंदिर बांधतायत ते. तुम्ही काय गाडी पकडताय?"

तू ये. तुझा आवाज तिला आवडायचा. अजून आवडतो, कबूल करणार नाही एवढंच.

तुझा दादा


२१ फेब्रुवारी, शनिवार

धाकटे,

तुझी चिठ्ठी मिळाली. दोनच ओळी, पण मिळाली. "मोबाईलवर अख्खं बायबल वाचून दाखवणारे असतात. वहिनी मला काय म्हणाल्या होत्या ते तू विसरला असशील, मी नाही."

मोबाईलचं आधी सांगतो. शेजारच्या दुकानातल्या शिंपीणबाईंनी तो लावून दिला. एक गृहस्थ वाचायला लागले. सुंदर आवाज, प्रत्येक शब्द धुऊन इस्त्री केलेला. एस्तेर राणी चालू होती. वहिनीने चमचा वाजवला. गृहस्थ पुढे गेले. तिने पुन्हा वाजवला, या वेळी जरा जोरात. गृहस्थ पुढेच. शेवटी ती म्हणाली, "हा माणूस थांबतच नाही. याला राणीची काळजीच नाही," आणि बंद करायला लावला. शिंपीणबाई म्हणाल्या, "आजी, त्यात थांबवायचं बटण आहे." "थांबवून मी बोलू कोणाशी? बटणाशी?"

तेव्हा तो मार्ग बंद.

दुसरं. मी विसरलेलो नाही. तुझी लेक गेली तेव्हा चर्चच्या मंडळीने दिवसरात्र पाळी लावून प्रार्थना केली होती. मीही त्यात होतो. मातीहून परतल्यावर तू आमच्या चौकटीला टेकून बसली होतीस, घोटभर पाणीसुद्धा घेत नव्हतीस. आणि वहिनी म्हणाली, देवाला ती आवडली म्हणून त्याने तिला जवळ घेतलं, आता रडू नये. तू म्हणालीस, "मग तुमचे डोळेही त्याला आवडले का?" तिची दृष्टी नुकतीच गेली होती. ती म्हणाली, "हो." आणि मग म्हणाली, ज्यांना देवाविरुद्ध बोलायचंय त्यांनी या घरात बोलू नये. तू उठलीस ती उठलीसच.

दोघी माझ्याच आणि दोघी हट्टी. मी मधे मूग गिळून उभा.

निकाल आलाय. वाईट आहे. शस्त्रक्रियेची तारीख पुढच्या महिन्यात देतील. मी चालत घरी आलो, वाटेत बाजारातून काय आणायचं होतं ते आठवेना, म्हणून नुसतीच पिशवी घेऊन आलो. वहिनी म्हणाली, "रिकामी आणलीत?" मी म्हटलं, "दुकान बंद होतं." अजूनही तिला सांगितलेलं नाही. ईयोब सुरू झालाय. त्याच्या घरी एकामागून एक निरोप येतात ना, गुरं गेली, पोरं गेली, तो अध्याय माझ्याने वाचवेना. खोकल्याचं निमित्त केलं.

दादा


१ मार्च, रविवार

धाकटे,

हे मी तुला कळवलं नाही असं समज. वहिनीने आधी सांगितलं "वन्संना कळवा", मग म्हणाली "नको, कळवू नका, माझं मी बघेन". पण तिचं ती कधी बघणार? आणि मी बोलता आहे तोवर मला बघायचंय.

ईयोबाचे तीन मित्र येतात ती जागा वाचत होतो. ते त्याच्याजवळ जमिनीवर सात दिवस बसतात, कोणी चकार शब्द काढत नाही. मी पुढे जायला लागलो तर चमचा वाजला.

"इथपर्यंत बरे होते," ती म्हणाली.

"कोण?"

"हे तिघे. तोंड उघडलं तिथे घाण केली."

मी म्हटलं, अजून तर त्यांनी तोंड उघडायचंय. ती म्हणाली, "पुढचं मला माहीत आहे. सगळे देवाची बाजू घेऊन बोलणार. देवाला कोणी वकील लावा म्हणून सांगितलं होतं?" मग कप हातात धरून बसली, चहा पार निवून गेला. "त्यांच्यात चौथी मी होते," म्हणाली. "वन्सं दारात बसल्या होत्या तेव्हा."

पुढचं वाचायला लागलो, तर म्हणाली, आज इतकंच पुरे.

आज चर्चमधल्या उपासनेनंतर पाळकसाहेबांनी मला बाजूला घेतलं. कुठून कळलं कोण जाणे. म्हणाले, विश्वास ठेवा, भिऊ नका. मी मान हलवली. पण घरी येताना रागच आला मला. भिऊ नका म्हणे! वधस्तंभावर जायच्या आदल्या रात्री गेथशेमानेच्या बागेत प्रभूच्या अंगावरून घाम रक्तासारखा ठिबकत होता, तो काय उकाड्याने? त्यानेही म्हटलंच होतं ना, हा प्याला टळत असेल तर टळू दे. आणि सोबतीला नेलेले तिघे शिष्य तिथे घोरत पडले होते. मला वाटतं, त्याला त्या वेळी प्रवचन नको होतं, कोणीतरी जागं हवं होतं एवढंच. मी शिकलेला नाही, या पुस्तकावरच लांब वाक्यं वाचायला शिकलो, चुकत असेन. पण भीती आणि विश्वास एका माणसात राहत नसतील तर मग मी कुठल्या वर्गात बसू?

तुला असलं काही लिहायचं नव्हतं. फाडू नकोस.

दादा


१४ मार्च, शनिवार

धाकटे,

माझं धाबं दणाणलंय, आणि सांगायला तुझ्याशिवाय कोणी नाही.

आम्ही स्तोत्रांत आहोत. इतकी गोड गोड स्तोत्रं आहेत, मेंढपाळाचं आहे, डोंगरांकडे डोळे लावण्याचं आहे. मी भराभरा वाचत अठ्ठ्याऐंशीवर आलो आणि ही तिथे अडून बसली. तुला ते आठवतं का? बाकीची रडकी स्तोत्रं शेवटी कुठेतरी वळतात, देवाची स्तुती करून उठतात. हे वळतच नाही. माणूस रात्रंदिवस हाका मारतो, कोणी ओ देत नाही, आणि शेवटच्या ओळीत नुसता अंधार. संपलं. मी तर लहानपणापासून ते पटकन वाचून पान उलटत आलोय.

ही म्हणते, "पुन्हा वाचा." दुसऱ्या दिवशी, "तेच वाचा." परवा तेच, काल तेच. मी प्रकटीकरणाच्या मागे धावतोय आणि ही एका अंधाऱ्या पानावर बसलीय. आवाज तर आता असा फाटलाय की दुकानातली गिऱ्हाइकं माझ्याशी खुणेने बोलायला लागलीत, मी बहिरा असल्यासारखी. काल माझा तोल गेला. म्हटलं, "अगं, दुसरं काही नाही का या पुस्तकात? कशाला तोच अंधार? वेळ नाहीये आपल्याकडे!"

बोलून गेलो आणि मग कळलं, काय बोललो.

तिने चमचा बशीत ठेवला. "मला माहीत आहे वेळ नाहीये," म्हणाली. "तुमच्या आवाजात चिंधी अडकलीय हे मला तुमच्याआधी कळलंय. मला डोळे नाहीत, कान आहेत. दवाखान्याच्या खुर्च्या दुकानात ठोकून कोणी अंगाला औषधाचा वास घेऊन घरी येत नाही."

मी विचारलं, मग बोलली का नाहीस? म्हणाली, "तुम्ही सर्दी म्हणत होता. मी म्हटलं, यांना सर्दीने बरं वाटतंय तर राहू दे सर्दी."

मग मी सगळं सांगितलं. गळा, तारीख, सगळं. ती ऐकत होती, हात गुडघ्यांवर. शेवटी एवढंच म्हणाली, "जखऱ्या याजकाची वाचा गेली होती तेव्हा त्याच्या बायकोला, अलीशिबेला, मुलगा तरी होणार होता. मला काय मिळणार?" आणि आम्ही दोघं हसलो. हसता हसता ती थांबली, मला थांबता येईना, कारण ते हसणं राहिलं नव्हतं.

पण ते स्तोत्र कशाला, ते तिने सांगितलं नाही. "पाठ करतेय," एवढंच. मी म्हटलं, पाठच करायचं तर एखादं उजेडाचं कर. "ती पाठ आहेत मला," म्हणाली. माझ्या मनात येतंय, ती मी गेल्यावरची तयारी करतेय. तुला काय वाटतं?

शस्त्रक्रिया सव्वीस तारखेला, गुरुवारी.

दादा


२४ मार्च, मंगळवार

धाकटे,

तू येऊ नकोस.

रागाने लिहीत नाही. इतकी पत्रं लिहिली आणि प्रत्येकात तुला ओढत राहिलो. तुझा विश्वास उडालाय आणि मी म्हणतोय येऊन शास्त्र वाच, तेही जिने तुला दुखवलं तिला. आवाज उसना मागण्यासारखं झालं हे. वहिनीने शिंपीणबाईंना विचारलंय, त्या शस्त्रक्रियेच्या वेळी तिच्याजवळ बसतील. वाचनाचं पुढे बघू.

उद्या दवाखान्यात दाखल व्हायचंय, म्हणून आज आम्ही शेवटचं वाचलं. कुठवर गेलो विचारू नकोस, प्रकटीकरण खूप लांब राहिलं. वहिनीने वाचून झाल्यावर मला तिचं नाव घ्यायला लावलं. जन्मभर "अगं" म्हटलं, नाव घ्यायची जीभ वळेना. तीन-चार वेळा घ्यायला लावलं. मग म्हणाली, "आता भांडी धुते."

मला खूप भीती वाटते. तिला हे सांगितलेलं नाही. ती आधीच एका हाताने भिंत धरून चालते, दुसऱ्या हातात माझी भीती कुठे देऊ?

तुझा दादा


३० मार्च, सोमवार, दवाखाना

धाकटे,

तू दारापलीकडच्या बाकावर बसली आहेस आणि मी तुला पत्र लिहितोय. हसू नकोस. नर्सबाईंनी पाटी दिलीय, पण तिच्यावर "पाणी" आणि "दुखतंय" याच्यापुढे जागा पुरत नाही. नाकात नळी आहे, गळ्याला भोक आहे, श्वास तिथून चाललाय, शिट्टी वाजते. गाठ सगळी निघाली की नाही हे अजून आठवडाभराने कळणार. जीव टांगणीलाच आहे.

गुरुवारचं तू मला सांगणार नाहीस म्हणून वहिनीने सांगितलं. तू सकाळीच आलीस, कामावरच्या साडीतच. वहिनीला म्हणालीस, "मी दादासाठी आलेय. वाचून दाखवीन, पण मानत काही नाही." आणि ती म्हणाली, "मानायला कोण सांगतंय? मात्र फलाट क्रमांक सांगितल्यासारखं वाचू नका." शिंपीणबाई हसायला लागल्या म्हणे आणि तू पुस्तक मिटून उठायला निघालीस. मग विचारलंस, कुठून वाचू? ती म्हणाली, अठ्ठ्याऐंशी.

तू खणखणीत सुरुवात केलीस. आजूबाजूचे लोक गप्प झाले. अर्ध्यावर आलीस आणि तुझा आवाज गेला. तुझाही. वहिनी म्हणते, "मला वाटलं, या घरातल्या सगळ्यांचेच गळे आज धरलेत की काय." आणि मग तिने पुढचं म्हटलं. तू थांबलीस त्या शब्दापासून, न अडखळता, शेवटच्या अंधारापर्यंत. आणि गप्प बसली. आमेन म्हणाली नाही. देवाची बाजू घेतली नाही. तू तिच्या खांद्यावर डोकं ठेवून किती वेळ होतीस ते तिने सांगितलं नाही, पण तिच्या पदरावर तुझ्या काजळाचा डाग अजून आहे, तो मी बघितला.

मी काल पाटीवर लिहून तुझ्याकरवी तिला विचारलं ना, ते स्तोत्र पाठ कशाला केलंस? तू तिचं उत्तर मला नीट सांगितलं नाहीस, "असंच म्हणाल्या" म्हणालीस. तू चहाला गेलीस तेव्हा तिने मला सांगितलं. म्हणाली, "वन्संना द्यायला मला त्या पुस्तकात दुसरं काही खरं सापडेना."

तू राहा किंवा जा, वाचून दाखव किंवा नको. माझा आग्रह संपला. मानत नाहीस तर मानू नकोस. ते स्तोत्र लिहिणाऱ्यालाही ओ मिळाली नव्हती, तरी त्याचं पान कोणी फाडलं नाही, एवढंच मला या दिवसांत समजलंय.

आता मला जे सांगायचंय ते. आज दुपारी तू औषधं आणायला गेली होतीस. वहिनीने माझा हात चाचपडत शोधला आणि म्हणाली, "बोला." सवयीने मी तोंड उघडलं, ओठ हलवले. गळ्यातून नुसती शिट्टी. तिने कान जवळ आणला. पुन्हा शिट्टी. तिचा चेहरा असा झाला की मला वाटलं, हेच ते, याचीच भीती होती. आम्ही दोघं समोरासमोर असून हरवलो.

मग काय सुचलं कोण जाणे, मी तिचा तळवा उलटा केला आणि त्यावर बोटाने अक्षर काढलं. तिने हात मागे घेतला, म्हणाली, "गुदगुल्या काय करता?" मी पुन्हा धरला. पुन्हा काढलं, मोठं, सावकाश. "भ," म्हणाली. "भात? भाजी? अहो, नळी आहे ना नाकात, खायचं कुठलं?" मी डोक्यावर हात मारून घेतला. पुन्हा पहिल्यापासून. या वेळी तिने डोळे मिटले. मिटायची गरज नव्हती, तरी मिटले. एकेक अक्षर ओठांवर घेत गेली.

मी लिहिलं होतं, भीती वाटते.

इतक्या वर्षांत हे मी तिला तोंडाने कधी सांगितलं नव्हतं. मला वाटलं आता ती प्रभूचं काही सांगेल, किंवा धीर देईल. ती थोडा वेळ तळव्याकडे मान वाकवून बसली, जसं काही तिथे अजून दिसत होतं.

"मलाही," म्हणाली. "सरका जरा."

आणि खाटेवर चढून माझ्या शेजारी पाय लांब करून बसली. नर्सबाई येऊन ओरडेपर्यंत बसली होती.

तुझा दादा